ऊर्फच्या पलीकडचे पूर्वज

श्रोतेहो, सहकारी पतपेढी ही गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांत आता कुणाला नवी नाही. कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतात या कामाचा पाया अल्फाँस देझार्दँ या गृहस्थांनी घातला. १९०० सालच्या डिसेंबरात लेव्ही या गावी त्यांनी सामान्य माणसांसाठी पहिली लोकपेढी काढली. सुरुवातीला तिचा कारभार त्यांच्या राहत्या घरातूनच चाले. अल्फाँस नोकरीसाठी ओटावाला गेले की त्यांच्या पत्नी दोरिमेनबाई वह्या आणि पैसा सांभाळीत.

आज मात्र पेढीविषयी बोलायचे नाही, या पतिपत्नींच्या नावांविषयी बोलायचे आहे. अल्फाँस यांच्या वडिलांचे नाव कागदोपत्री सापडते ते असे : फ्रांस्वा र्वा ऊर्फ देझार्दँ. आईचे नाव क्लारिस मिव्हील ऊर्फ देशेन. आणि १८७९ साली ज्या दोरिमेनबाईंशी त्यांचे लग्न झाले, त्यांचे आडनाव होते र्वा-देझार्दँ. तुम्ही म्हणाल, 'त्यात काय विशेष? बाईंनी नवऱ्याचे आडनाव लावले असेल.' तसे नाही बरे का. ते त्यांचे माहेरचेच आडनाव होते.

म्हणजे एका माणसाला दोन आडनावे, आईलाही दोन, आणि बायकोचे माहेरही त्याच दोन आडनावांचे. असा घोटाळा दिसला की वंशावळ शोधणारा नवखा माणूस कपाळाला हात लावतो. पण क्वेबेकातले जाणते लोक म्हणतात, घाबरू नका. हा घोटाळा नव्हे, ही खूण आहे. ती कशी वाचायची, हे कळले की साडेतीनशे वर्षांमागचा पूर्वज हाती लागतो. कसे ते आता पाहू.

प्रथम थोडा इतिहास सांगितला पाहिजे. सेंट लॉरेन्स नदीच्या काठी शाम्प्लँ या फ्रेंच दर्यावर्दीने १६०८ साली क्वेबेकची वसाहत स्थापन केली. शेती करून कायमचे राहायला आलेले पहिले कुटुंब लुई एबेर या औषधे विकणाऱ्या माणसाचे. ते आले १६१७ साली. पुढेही वस्ती फार हळू वाढली. १६६६ साली झाँ तालाँ या अधिकाऱ्याने घरोघर शिरगणती करवली, तेव्हा सगळी मिळून ३,२१५ फ्रेंच माणसे भरली. आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावची वस्ती तेवढी असते.

याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. १६६५ साली कारिन्याँ-सालिएर नावाची पलटण फ्रान्सहून आली. बाराशेच्या वर शिपाई होते. काम संपल्यावर त्यांतले सुमारे चारशे तिथेच जमीन घेऊन राहिले. दुसरी गोष्ट अशी की १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत राजाच्या खर्चाने पावणेआठशेच्या आसपास तरुण मुली वसाहतीत पाठवल्या गेल्या. पुष्कळशा गरीब आणि पोरक्या होत्या. त्यांना 'राजाच्या मुली' असे नाव पडले. शिपाई आणि या मुली यांची लग्ने झाली आणि नदीच्या दोन्ही काठांनी शेतकरी कुटुंबे वसत गेली. १७६० साली इंग्रजांनी हा मुलूख जिंकला त्या वेळी लोकसंख्या सत्तर हजारांच्या घरात होती. त्यानंतर फ्रान्समधून येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ आटला. आज क्वेबेकात फ्रेंच मातृभाषा असलेले साठ लाखांहून अधिक लोक आहेत. त्यांतले बहुतेक या मूठभर माणसांचेच वंशज.

मूळपुरुष थोडे आणि वंशज अफाट. झाकारी क्लुतिए या सुताराचेच पाहा. हा १६३४ साली आला. त्याला लिहिता येत नव्हते. सही करायची वेळ आली की तो कागदावर कुऱ्हाडीचे चित्र काढी. १८०० सालापर्यंत त्याचे वंशज दहा हजारांवर गेले होते, असा हिशेब माँट्रियलच्या संशोधकांनी मांडला आहे. कुऱ्हाडीची ती खूण मात्र कागदावर अजून आहे.

आता त्या 'ऊर्फ'कडे वळू. फ्रेंचमध्ये त्याला 'दी' म्हणतात. अर्थ 'असे म्हटला जाणारा', म्हणजे आपले 'ऊर्फ'च. हे ऊर्फ आले कुठून?

पहिला मोठा उगम पलटणीत. फ्रेंच फौजेत भरती होताना शिपायाला एक लष्करी नाव मिळे. कुणाचे नाव ला फ्लर, म्हणजे फूल. कुणाचे जोलिकर, म्हणजे हसतमुख, गोड मनाचा. साँसूसी म्हणजे निश्चिंत. लाझनेस म्हणजे तारुण्य. आणि त्राँशमाँतान्य म्हणजे चक्क डोंगर कापणारा! शिपाई शेतकरी झाला तरी हे नाव चिकटून राहिले आणि मुलानातवंडांकडे गेले.

दुसरा उगम मूळ प्रांताचा. आँजूहून आलेला तो लाँजव्हँ, पिकार्दीचा तो पिकार, नॉर्मंडीचा नॉर्माँ. पिएर मिव्हील नावाचा माणूस स्वित्झर्लंडच्या फ्रीबूर्गचा, म्हणून त्याला 'ऊर्फ ल स्विस' म्हणत.

तिसरा उगम जमिनीचा. शार्ल ल म्वान हा दिएप बंदरातल्या खाणावळवाल्याचा मुलगा वसाहतीत मोठा जमीनदार झाला. त्याच्या मुलांनी वेगवेगळ्या वतनांची नावे घेतली. एक इबेरव्हील, दुसरा बिएनव्हील, तिसरा लाँगय. न्यू ऑर्लिन्स शहर वसवणारा बिएनव्हील तो हाच. नुसत्या नावांवरून हे सख्खे भाऊ आहेत असे कुणाला वाटेल का?

चौथे कारण साध्या सोयीचे. गावात एकाच आडनावाची चार घरे झाली की कोणता कोण, हे सांगायला ऊर्फ लागतेच. आपल्याकडेही एका गावात दहा पाटील असले की लोक वरचे, खालचे, मळ्यातले असे म्हणतातच की. फरक इतकाच की क्वेबेकात हे ऊर्फ पाद्र्याच्या नोंदवहीत शिरले.

आणि मग गंमत झाली. त्याच माणसाच्या नावाची नोंद बाप्तिस्म्याच्या वेळी एका आडनावाने, लग्नात दुसऱ्या आडनावाने आणि मृत्यूच्या वेळी दोन्ही मिळून. एकोणिसाव्या शतकात कुटुंबांनी हळूहळू दोहोंपैकी एक नाव कायम केले. पण सर्व भावांनी एकच नाव धरले असे नाही. एक भाऊ र्वा राहिला, दुसरा देझार्दँ झाला. म्हणून जाणते लोक सांगतात की आडनाव सारखे म्हणून नाते धरू नका आणि आडनाव निराळे म्हणून नाते सोडू नका.

मग धरायचे तरी काय? श्रोतेहो, आजच्या भाषणाचे सार इथे आहे. धरायचे ते आईचे नाव.

फ्रेंच रिवाजात लग्न झाले तरी कायदेशीर कागदांत बाईचे जन्माचे नाव बदलत नसे. बाप्तिस्मा असो, मुलाचे लग्न असो, नोटरीसमोर जमिनीचा व्यवहार असो, नोंदीत ती माहेरच्या आडनावानेच येई. शेजारीपाजारी तिला नवऱ्याच्या नावाने ओळखत असतील, पण वहीत तिचे नाव तिचेच राही. पुढे २ एप्रिल १९८१ पासून क्वेबेकच्या दिवाणी कायद्याने हे पक्के केले. नवराबायको दोघांनीही आपापले जन्माचे नाव चालवायचे, आणि मुलाला आईचे, बापाचे किंवा दोघांचे मिळून जोडनाव देता येते.

आता लग्नाची जुनी नोंद कशी असते ते ऐका. वराचे नाव व गाव, त्याच्या बापाचे नाव, आईचे जन्माचे नाव, ती दोघे हयात आहेत की वारली. वधूचेही तसेच. वर-वधूपैकी कुणाचे आधी लग्न झाले असेल तर मृत जोडीदाराचे नाव. लग्नाची घोषणा देवळात तीनदा झाली की त्यातून सूट दिली, ते. साक्षीदार कोण, आणि पुष्कळदा त्यांचे नाते काय. दोघे एकमेकांचे दूरचे नातलग असतील तर त्यासाठी घेतलेली परवानगी, कितव्या पिढीतले नाते ते सांगून. शेवटी कुणी सही केली आणि कुणाला सही येत नाही हेसुद्धा. एका पानात दोन घराण्यांच्या दोन पिढ्या!

या नोंदी टिकल्या कशा, तेही सांगण्यासारखे आहे. १६४० च्या जून महिन्यात क्वेबेकचे देऊळ जळाले आणि त्याबरोबर तोवरच्या वह्याही. तेव्हा वस्ती इतकी लहान होती की पाद्र्यांनी लोकांच्या स्मरणातून त्या नोंदी पुन्हा लिहून काढल्या. पुढे फ्रान्सच्या राजाने १६६७ साली हुकूम काढला की प्रत्येक वहीच्या दोन प्रती करा, एक देवळात आणि एक न्यायकचेरीत. वसाहतीत ही पद्धत १६७९ च्या सुमारास लागू झाली. एक प्रत आगीत गेली तरी दुसरी राहावी, ही योजना. इंग्रजी अंमल आला तरी ही रीत चालू राहिली. १९९४ सालापासून जन्म-मृत्यूची दप्तरे सरकारी खात्याकडे आली.

या कागदांवर पुष्कळांनी आयुष्य वेचले. सिप्रिएँ ताँगे नावाच्या पाद्र्याने दप्तरे चाळून फ्रेंच कॅनडातील घराण्यांचा सात खंडांचा कोश सिद्ध केला. तो १८७१ ते १८९० या काळात प्रसिद्ध झाला. १९६६ साली माँट्रियल विद्यापीठाने लोकसंख्येच्या इतिहासाचा मोठा प्रकल्प हाती घेतला आणि जुन्या नोंदी संगणकात घालून माणसांची कुटुंबे पुन्हा जुळवली.

चला, आता देझार्दँ घराण्याचे कोडे सोडवू. रीत सोपी आहे. आजपासून मागे जायचे, मागून पुढे यायचे नाही. पायरी म्हणजे लग्न. अल्फाँस यांच्या लग्नाच्या नोंदीत आईबापांची नावे मिळाली : फ्रांस्वा र्वा ऊर्फ देझार्दँ आणि क्लारिस मिव्हील ऊर्फ देशेन. आता या जोडप्याचे लग्न शोधायचे. नुसता 'फ्रांस्वा र्वा' शोधलात तर हरवाल. र्वा म्हणजे राजा, आणि हे तिथले अतिशय प्रचलित आडनाव. पण 'र्वा, बायको मिव्हील' असे शोधले की भलती माणसे बाजूला पडतात. आईच्या नावाची किंमत ती हीच. त्या लग्नात आजीआजोबा मिळतात, त्यांच्या लग्नात पणजीपणजोबा.

असे मागे मागे जात शेवटी आपण पोचतो अँत्वान र्वा ऊर्फ देझार्दँ या माणसापाशी. हा बर्गंडीतल्या ज्वान्यी गावचा, लाकडी पिंपे करणारा कारागीर. १६६५ साली कारिन्याँ-सालिएर पलटणीतून आला. देझार्दँ म्हणजे बागांचा. १६६८ साली त्याने मारी माझोर हिच्याशी लग्न केले. ती त्या 'राजाच्या मुलीं'पैकी एक. आणि आईच्या बाजूने मिव्हील-देशेन धरून वर गेले की भेटतो तो मघाचा स्विस, पिएर मिव्हील. तो १६४९ च्या सुमारास आला आणि क्वेबेकच्या समोरच्या काठावर लोझाँ इथे राहिला. हे लोझाँ आज लेव्ही शहरातच मोडते. म्हणजे आईचा मूळपुरुष जिथे प्रथम उतरला, जवळजवळ तिथेच अडीचशे वर्षांनी मुलाने पेढी काढली. घरातल्या कुणाला हे माहीत असो वा नसो, कागदाला माहीत होते.

या वाटेवर काही खड्डे आहेत, ते लक्षात असू द्या. एक, पाद्री कानाला ऐकू येईल तसे लिही. एकाच आडनावाची चार-पाच रूपे सापडतात. दोन, एकोणिसाव्या शतकात बहुतेक मुलांना जोझेफ आणि मुलींना मारी हे नाव आधी देत, मग धर्मपित्याचे किंवा धर्ममातेचे, आणि हाक मारायचे नाव शेवटी. वहीत सगळेच जोझेफ पाहून गोंधळू नका. तीन, मूल दगावले की पुढच्या मुलाला पुष्कळदा तेच नाव ठेवीत. म्हणून नाव जुळले तरी तारखा ताडून पाहा. लग्नाची नोंद नाहीच मिळाली तर नोटरीकडचा लग्नाचा करार पाहा. फ्रेंच कॅनडातल्या बहुसंख्य जोडप्यांनी जुन्या काळी असा करार केलेला असतो.

सर्वांत मोठा खड्डा सरहद्दीपलीकडचा. १८४० ते १९३० या काळात जमिनी अपुऱ्या पडल्या म्हणून सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनडियन लोक दक्षिणेला संयुक्त संस्थानांत गेले. लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट इथल्या कापडाच्या गिरण्यांत मजुरी करू लागले. कोकणातून, देशावरून मुंबईच्या गिरणगावात माणसे आली, तसाच तोही लोंढा. तिथे मुकादमाला, मास्तरांना ही नावे उच्चारता येईनात. मग र्वाचा किंग झाला, ब्वाव्हेरचा ग्रीनवुड झाला, लब्लाँचा व्हाइट झाला. दोन पिढ्यांनी नातवंडांना आपण मुळात कोण हेही आठवेना. अशा माणसालाही वाट मिळते ती पुन्हा लग्नाच्या नोंदीतून, कारण आजीचे माहेरचे नाव कुणी भाषांतरित केलेले नसते.

कधीकधी पूर्वजानेच नाव लपवलेले असते. प्रसिद्ध अमेरिकन लेखक जॅक केरुॲक १९२२ साली लोवेललाच जन्मला, फ्रेंच कॅनडियन घरात. आपले घराणे ब्रिटनी प्रांतातले, असे घरात सांगत. मूळ शोधायला तो १९६५ साली फ्रान्सला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. १९६९ साली तो वारला. नंतरच्या संशोधकांना उलगडा झाला. क्वेबेकात १७३२ साली लग्न करणाऱ्या त्याच्या पूर्वजाने वहीत ल ब्री द केरुॲक असे नाव सांगितले होते. खरे नाव होते ल बिआँ द केर्व्होआक, आणि तो ह्युएलगोआत गावच्या नोटरीचा मुलगा होता. वहीत जे सांगितले तेच लिहिले जाते, एवढे यातून शिकायचे.

आणि एक गोष्ट सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. या वह्यांत सर्वांना सारखी जागा मिळाली नाही. न्यू फ्रान्समध्ये गुलामगिरी होती. इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी १९६० साली तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि पुढे नावनिशी यादी केली. सुमारे ४,२०० गुलामांची नोंद त्यांना सापडली. त्यांतले जवळजवळ दोनतृतीयांश तिथले मूळ रहिवासी होते, बाकीचे बहुतेक आफ्रिकन. त्यांच्या बाप्तिस्म्यात बहुधा आईबापांची नावे नाहीत. आहे ते मालकाचे नाव. ज्या वहीने राजाच्या गरीब मुलीचे नाव तीनशे वर्षे जपले, तिने यांच्या आईचे नाव विचारलेसुद्धा नाही. त्यांच्या वंशजांची वाट तिथेच खुंटते. नाव लिहिले जाणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे अशा वेळी कळते.

कुणी विचारील, या उपद्व्यापाचा उपयोग काय? हौस तर आहेच. पण क्वेबेकच्या सागने भागात याने मुलांचे प्राणही वाचले आहेत. थोड्याच कुटुंबांपासून वस्ती वाढल्यामुळे तिथे टायरोसिनेमिया नावाचा आनुवंशिक आजार इतर ठिकाणांहून पुष्कळ अधिक आढळतो. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच मूल आजारी पडते. क्वेबेकात १९७० पासून नवजात बालकांच्या रक्ताची यासाठी तपासणी होते आणि वेळीच कळले तर औषध व पथ्याने मूल वाढते. सत्तरीच्या दशकात जेरार बुशार या इतिहासकारांनी त्या भागातल्या कुटुंबांच्या नोंदी जुळवायला आरंभ केला. असे आजार कुठल्या वाटेने आले, हे डॉक्टरांना त्या नोंदींवरून समजू लागले.

शिक्षक बंधुभगिनींना एक हिशेब देतो, फळ्यावर मांडता येईल. आईबाप दोन, आजीआजोबा दोन्हीकडचे मिळून चार, मग आठ. असे दहाव्या पिढीला किती? एक हजार चोवीस. बाराव्या पिढीला चार हजार शहाण्णव. पण १६६६ साली सारी वसाहतच ३,२१५ माणसांची होती. मग एवढे पूर्वज मावले कसे? उत्तर असे की तेच पूर्वज पुन्हापुन्हा येतात. क्वेबेकातली दोन अनोळखी माणसे कुठे ना कुठे नातलग निघतात, त्याचे हेच कारण.

हिशेब झाल्यावर मुलांना एक गृहपाठ द्या. प्रत्येकाने चार रकाने आखावेत : नाव, लग्नाचे गाव व साल, आईचे माहेरचे नाव, तिच्या माहेरचे गाव. बापाच्या बाजूचे रकाने चटकन भरतील. आजीचे आणि पणजीचे रकाने रिकामे राहतील, कारण आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव बदलले की कागदातून तिचे माहेर पुसले जाते. ते अजून कुणाकुणाच्या तोंडी आहे. आजी घरात आहे तोवर तिला विचारून घ्या, आणि उत्तर वहीत लिहून त्याखाली आजची तारीख घाला.